घसरण्याची पहिली शाळा

मराठी भाषेने 'घसरणे' या क्रियापदावर फार अन्याय केला आहे. पाय घसरतो तो शेवाळावर किंवा मोहावर. जीभ घसरते ती रागाच्या भरात. बाजारात भाव घसरतात आणि प्रगतिपुस्तकात गुण घसरतात. घसरले असे म्हटले की सांगणाऱ्याचा चेहरा लांब होतो आणि ऐकणारा सुस्कारा टाकतो. बागेतली घसरगुंडी तेवढी या शब्दाची अब्रू राखून आहे, तीही मुलांच्या दप्तराचे ओझे वाढेपर्यंतच. ज्यात घसरणे हीच विद्या, आणि नीट घसरता येणे हेच पांडित्य, असा एक खेळ हिमालयाच्या उतारांवर खेळला जातो. आपल्याकडे त्याला स्कीइंग या परक्या नावानेच ओळखतात.

गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीची कित्येक मराठी कुटुंबे नाताळच्या किंवा हिवाळ्याच्या सुट्टीत मुलांना बर्फ दाखवावयास उत्तरेकडे जाऊ लागली आहेत. त्यांतल्याच एका वाचक भगिनींनी आम्हांस विचारले आहे की, लहान मुलांना हा खेळ शिकवावा काय, कोणत्या वयात शिकवावा, आणि आईबापांनी कोणती काळजी घ्यावी. प्रश्न अगदी योग्य आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासह गुलमर्गला पाच दिवस होतो. तेथे जे पाहिले आणि या विषयाच्या जाणकारांकडून जे समजून घेतले, ते या महिन्याच्या सदरात मांडीत आहोत.

प्रथम या खेळाच्या घराण्याची थोडी ओळख. 'स्की' हा शब्द उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ फाडलेले लाकूड, म्हणजे आपल्या भाषेत ढलपी. हिवाळ्यात गुडघाभर बर्फातून शिकारीला वा शेजारच्या गावी जाणाऱ्या माणसाने पायाला लाकडाच्या फळ्या बांधल्या, तेथून या विद्येचा उगम झाला. गरज संपली तरी मौज उरली आणि तिचा खेळ झाला. आपल्या देशात हा खेळ इंग्रजांनी आणला. गुलमर्गला १९२७ साली स्की क्लब स्थापन झाला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव प्रथम उमटले ते १९६४ साली, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे जेरेमी बुजाकोव्स्की या स्कीपटूमुळे. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविले. स्कीइंगमधले भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी होता काश्मीरचा आरिफ खान. त्याच्या वडिलांचे स्कीच्या सामानाचे दुकान होते, आणि चौथ्या वर्षापासून तो बर्फावर घसरत होता. डोंगरातल्या मुलांचे हे अंगण आहे. आपली मुले तेथे चार दिवसांची पाहुणी म्हणून जातात, हे ध्यानात ठेवले की पुष्कळशी निराशा टळते.

आता वयाविषयी. तीन-साडेतीन वर्षांचे मूल फळ्यांवर उभे राहते, परंतु ते बर्फात खेळणेच असते, शिकणे नव्हे. चार-पाच वर्षांचे मूल दिवसातून तासभर, खेळता खेळता, थोडे शिकू शकते. शिक्षकाचे बोलणे ऐकून त्याप्रमाणे पाय वळविण्याची समज आणि मांड्यांतले बळ सहाव्या-सातव्या वर्षी येते. पद्धतशीर धडे तेव्हापासून द्यावेत. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे त्याचा तोल आपल्यापेक्षा निराळा असतो. मोठ्यांच्या ऐटदार पवित्र्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. ते थोडे मागे रेलणारच.

घर सोडण्यापूर्वीची पहिली चिंता उंचीची. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, बडोदे तर त्याहूनही कितीतरी खाली. गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटरांवर, आणि अडीच हजार मीटरांच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. मोठा माणूस डोके दुखते म्हणून सांगतो. लहान मूल नुसते किरकिरते, जेवण नाकारते, उलटी करते. त्याला हट्ट समजून दटावू नये. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, पाणी वरचेवर पाजावे, आणि त्रास वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे. गुलमर्गच्या रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरांहूनही वर नेऊन सोडतो. तेथील देखावा अपूर्व खरा, पण तान्ह्या मुलांना व नवशिक्यांना ती जागा नव्हे. वरचे मोकळे उतार हिमकड्यांच्या टप्प्यात येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमकडा कोसळून दोन परदेशी स्कीपटूंचा अंत झाला. नवशिक्या मुलाचे जग म्हणजे खालचे सपाट कुरण आणि त्याच्या कडेचा पाच-पंचवीस पावलांचा उतार. त्यात त्याला काहीही उणे वाटत नाही.

दुसरी चिंता वस्त्रांची, आणि येथे मराठी गृहिणीचा अधिकार मोठा आहे. अठरा अंशांवर पारा उतरला की कानटोपी काढणारा समाज आपला! तथापि बर्फातला शत्रू निव्वळ थंडी नसून ओल आहे. आपण प्रेमाने आत घालतो तो सुती गंजीफ्रॉक घाम पितो, ओला राहतो आणि अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून अंगाला भिडून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ वस्त्र, त्यावर आजीने विणलेला स्वेटर, आणि सर्वांवर पाणी व वारा अडविणारे जाकीट, असा तीन पदरी बंदोबस्त असावा. पायमोजा एकच, लोकरीचा आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन मोज्यांनी बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गारठतात. हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा थैलीसारखे मोजे बरे, कारण त्यांत बोटे एकमेकांना ऊब देतात. गळ्याभोवतीचा लोंबता गळपट्टा मात्र घरीच ठेवावा. मुलांना वर ओढून नेणाऱ्या यंत्राच्या दोरात त्याचे टोक अडकले तर अनर्थ ओढवेल. त्याऐवजी डोक्यावरून घालावयाची विणीव गळपट्टी वापरावी. डोक्याला हेल्मेट हवेच, आणि त्याच्या आत पातळ टोपी. कानटोपी हॉटेलात जेवताना आहेच!

उन्हाची आठवण बर्फात कोणाला होत नाही, आणि तेथेच गफलत होते. दर हजार मीटर चढावे तसे सूर्याचे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी तीव्र होतात. शिवाय ताजे बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवून तोंडावर फेकते. ढगाळ दिवशीही मुलाच्या डोळ्यांवर चांगला गॉगल हवा आणि नाक, गाल व हनुवटीच्या खालच्या बाजूस मलम हवे. डोळे भाजल्याचे दिवसा कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे मूल रडू लागते.

सामान तेथे भाड्याने मिळते. फळीची लांबी नवशिक्या मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत असावी, अधिक नको. 'पुढच्या वर्षी वाढेल' या आपल्या नेहमीच्या हिशेबाने मोठा बूट घेऊ नये. ढिल्या बुटात पाय हलला की फळी ऐकत नाही. बुटाचे माप पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरांत असते, म्हणून घरूनच पाय मोजून न्यावा. सर्वांत महत्त्वाची ती बूट व फळी जोडणारी चाप. ठराविक जोर आला की ती आपोआप सुटते आणि पाय मोकळा होतो. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या ह्यालमर ह्वाम या स्कीपटूचा १९३७ साली पाय मोडला. त्या दुखण्यातूनच त्याला अशा सुटणाऱ्या चापेची कल्पना सुचली. ही चाप मुलाच्या वजनाप्रमाणे, उंचीप्रमाणे आणि बुटाच्या तळाच्या लांबीप्रमाणे लावावी लागते. आधीच्या गिऱ्हाइकासाठी घट्ट केलेली तशीच मुलाच्या पायी आली तर ती सुटणार नाही. दुकानदाराला मुलाचे वजन सांगावे आणि चाप आपल्यादेखत लावून घ्यावी. हे सांगताना संकोच नको. हातात धरावयाच्या काठ्या मात्र पहिल्या दिवसांत लहान मुलांना देऊच नयेत. त्या तोल सावरण्यापेक्षा डोळ्यात जाण्यास व अंगठा मुरगळण्यास अधिक उपयोगी पडतात.

एवढी तयारी झाली की शाळा सुरू होते. आमच्या नातवंडांचे शिक्षक पन्नाशीचे, अंगात फेरन आणि मुखात मोजके शब्द असलेले काश्मिरी गृहस्थ होते. आमची नात पाच वर्षांची, नातू आठ वर्षांचा. आम्हांस वाटले होते की प्रथम उभे राहणे शिकवतील. शिक्षकांनी आरंभ केला तो पडण्यापासून. मुलांना फळ्या बांधून सपाट बर्फावर उभे केले आणि म्हणाले, 'आता पडा.' उजवीकडे पाच वेळा, डावीकडे पाच वेळा. हात पुढे, मागे टेकायचे नाहीत. बाजूला कुल्ल्यावर बसल्यासारखे पडायचे. मग उठणे. फळ्या उताराला आडव्या करावयाच्या, अंगाखाली घ्यावयाच्या आणि हाताने रेटून उभे राहावयाचे. आमच्या आखाड्यांत उस्ताद पोराला पहिल्याने आपटी खाण्याचा सराव देतात आणि मल्लखांबावर चढण्याबरोबरच उतरणे शिकवितात, त्याच जातीची ही शहाणी परंपरा होय. ज्याला पडावयाचे कसे हे ठाऊक आहे तो पडण्याला भीत नाही, आणि जो भीत नाही त्याचे अंग सैल राहते. ताठ अंगालाच इजा होते.

नात पडण्याच्या धड्यावर बेहद्द खूष झाली. पाच सांगितले तर ती पंधरा वेळा पडली. नातवाचे तसे झाले नाही. वर्गात पहिल्या पाचांत येणारा हा मुलगा ओठ आवळून उभा राहिला. चार माणसांदेखत मुद्दाम पडावयाचे, ही आज्ञा त्याच्या आठ वर्षांच्या शिक्षणात बसत नव्हती. आमच्या चिरंजीवांनी खालून 'वाक, गुडघे वाकव, अरे वाक!' असा गजर चालविला होता. मुलगा प्रत्येक वेळी शिक्षकांऐवजी बापाकडे पाही आणि अधिकच ताठे. शेवटी शिक्षक शांतपणे खाली आले, चिरंजीवांना सलाम केला आणि म्हणाले, 'साहेब, तिकडे कहवा चांगला मिळतो.' चिरंजीव कहवा प्यावयास गेले. दहा मिनिटांत नातू पहिल्यांदा पडला, आणि पडल्यावर कोणी हसले नाही हे पाहून दुसऱ्यांदा पडला.

यापुढचा क्रम सर्वत्र साधारण सारखाच आहे. आधी एका पायात फळी घालून चालणे, मग दोन्ही. मग उताराला आडवे राहून जिन्यासारखे एकेक पाऊल वर चढणे. त्यानंतर येतो या विद्येचा श्रीगणेशा, म्हणजे थांबणे. फळ्यांची टोके जवळ आणि टाचा दूर अशी नांगराच्या फाळासारखी आकृती केली की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. परदेशी शिक्षक मुलांना यासाठी पिझ्झ्याच्या तुकड्याची उपमा देतात. आमच्या सूनबाईंनी नातीला सांगितले, 'घडीची पोळी कर.' ते तिला तत्काळ कळले. शिक्षकांना घडीची पोळी काय ती समजली नाही, परंतु मुलीच्या फळ्या बरोबर त्रिकोणात आलेल्या पाहून त्यांनी तो शब्द उचलला, आणि उरलेले दिवस गुलमर्गच्या त्या कोपऱ्यात 'पोली, पोली!' असा पुकारा चालू होता.

काही पालक मुलाच्या कमरेला पट्टा बांधून मागून दोर धरतात. विहिरीत पोहणे शिकणाऱ्या पोराच्या कमरेला आपल्याकडे सुका भोपळा बांधीत, त्याची येथे आठवण होते. पण भोपळ्याचा आधार असतानाही हातपाय पोरालाच मारावे लागतात. दोराचे तसे नाही. मूल दोरावर रेलते, स्वतःचा वेग स्वतः आवरावयास शिकत नाही. निष्णात शिक्षकाच्या हाती दोर क्वचित उपयोगी. बापाच्या हाती सहसा नाही. त्यापेक्षा इतका सौम्य उतार निवडावा की न थांबता आले तरी मूल खालच्या सपाटीवर आपोआप थांबेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने बूट घालण्यास नकार दिला. पाय दुखतो म्हणाला. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात, एक 'लाड पुरे' म्हणणारा आणि दुसरा 'राहू दे, नको' म्हणणारा. शिक्षकांनी दोहोंकडे लक्ष न देता त्याचा बूट काढला, मोज्याची एक चुणी सरळ केली, आतल्या विजारीचे टोक बुटाबाहेर काढले आणि पुन्हा बूट चढविला. दुखणे गेले. मुलाच्या तक्रारीला प्रथम खरे मानावे आणि कारण शोधावे. शौर्याची परीक्षा नंतर. तिसऱ्या दिवशी तो वरपासून खालपर्यंत एकटा आला. शेवटच्या टप्प्यात पडला, फळ्या आडव्या केल्या, उठला, अंगावरचे बर्फ झटकले आणि पुन्हा वर निघाला. आम्ही सारे काठावर उभे होतो. त्याने आमच्याकडे पाहिलेदेखील नाही. मुलाने आपल्याकडे न पाहण्यात एवढा आनंद असतो, हे आम्हांस त्या दिवशी समजले.

आमच्या मते या खेळाचे खरे मोल येथे आहे. आपली मुले अलीकडे न पडण्याच्या शिक्षणात वाढत आहेत. गुण पडू नयेत, नंबर पडू नये, मूलही कोठे पडू नये, म्हणून आपण सदैव हात पसरून मागे उभे असतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही ही म्हण आपण मुलांना ऐकवितो, पण विहिरीजवळ जाऊ देत नाही. बर्फाच्या उतारावर मूल तासाभरात वीस वेळा पडते आणि वीस वेळा उठते. त्याची नोंद कोणी ठेवीत नाही, त्याला गुण कोणी देत नाही. पडणे ही शिक्षा नसून कामाचा भाग आहे, हे शब्दांनी सांगून पटत नाही. ते अंगालाच कळावे लागते.

म्हणून पालकांसाठी आमचे पथ्य थोडे आहे. मूल शिक्षकांच्या स्वाधीन केल्यावर दिसेल इतके जवळ पण ऐकू जाणार नाही इतके दूर उभे राहावे. एका वेळी तासभर पुरे. मुलाचे शरीर लहान, त्याची ऊब लवकर जाते. ओठ निळसर झाले, बोटे पांढरी पडली किंवा मूल एकाएकी गप्प झाले तर तत्काळ आत आणावे. गारठलेली बोटे बर्फाने वा हाताने चोळू नयेत. अंगाच्या उबेत धरावीत किंवा कोमट पाण्यात ठेवावीत. जानेवारीत गेलात तर संक्रांतीचे तिळाचे लाडू खिशात असू द्यावेत, त्यांच्यासारखे बर्फातले खाणे दुसरे नाही. आणखी यायचे आहे असे मूल म्हणत असतानाच धडा थांबवावा. रात्री 'आज किती शिकलास?' असे विचारू नये. 'आज कोठे मजा आली?' असे विचारावे. आणि छायाचित्रासाठी पुनःपुन्हा वर पाठवू नये.

कोठे जावे, हा प्रश्न आज पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामनजीक सव्वीस निरपराध माणसे मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. काश्मीरला जावे की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने त्या वेळची परिस्थिती पाहून करावा. त्यात शहाणपण शिकविण्याचा अधिकार आम्हांस नाही. प्रवास मात्र सुकर झाला आहे. इंदूरहून मालवा एक्सप्रेस कटऱ्यापर्यंत जातेच, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर आगगाडी धावू लागली आहे. मनालीजवळच्या सोलंगलाही नवशिक्यांसाठी उतार आहेत. गढवालात औली आहे; तथापि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तेथून औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला, त्यामुळे तिकडे जाण्यापूर्वी चौकशी करावी.

कोठेही गेलात तरी बर्फ मिळेलच असे गृहीत धरू नये. आम्ही गेलो त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२४ मध्ये, गुलमर्गची कुरणे कोरडी तपकिरी पडली होती, आणि घसरगाडीवाले, शिक्षक, दुकानदार आभाळाकडे पाहत बसले होते. महिनाअखेर बर्फ आले तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. मृगाची वाट पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे दुःख निराळे समजावून सांगावे लागणार नाही. मुलांना हेही सांगावे. जे बर्फ त्यांना खेळावयास मिळाले त्यावर एका खोऱ्याची चूल पेटते आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाण्यावर शेते पिकतात. ज्या शिक्षकांनी त्यांना उठावयास शिकविले त्यांचे नाव त्यांना पाठ असू द्यावे, आणि घरी परतल्यावर त्यांना एक पत्र मुलांकडूनच लिहवून घ्यावे.

ज्या वाचकांनी आपल्या मुलांना किंवा नातवंडांना बर्फावर नेले असेल त्यांनी आपले अनुभव आम्हांस अवश्य कळवावेत. निवडक पत्रांचा परामर्श याच सदरात घेऊ.